भेटीची वेळ चार ते सहा

आमच्या गल्लीत रोज सकाळी सात वाजता एक बाई दारोदार फिरते आणि बाई-माणूस, लहान-थोर असं काही न बघता प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, "आंघोळ झाली का?"

बारा वर्षांपूर्वी मी मानवतला बदली होऊन आलो. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचं काम. दुसऱ्याच दिवशी सकाळी तोंडात ब्रश घालून दारात उभा होतो, तर पांढऱ्या पातळातली, खांद्यावर पंचा टाकलेली, साठीची एक बाई समोर येऊन उभी राहिली. नाव नाही, गाव नाही, थेट तोच प्रश्न.

मी ब्रश काढून म्हणालो, "नाही अजून."

"मग कवा करणार? जाई आठ दिवसांपासून वाट बघायलीय तुमची."

आत भांड्यांचा आवाज थांबला. माझी बायको मंगल पदराला हात पुसत बाहेर आली. एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "ही जाई कोण?"

जाई म्हणजे आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीवरचा वेल होता. आमच्या न्हाणीचं पाणी एका पाइपातून भिंतीपलीकडं जायचं आणि त्यावर ती जाई जगायची. आधीचे भाडेकरू आठ दिवसांपूर्वी गेले होते, म्हणून जाई उपाशी होती. एवढा खुलासा झाल्यावर त्या बाई मंगलला म्हणाल्या, "सायबाला रोज सातच्या आत अंघुळीला बसवत जा. आन् ते हिरवं साबण वापरू नका. तिला मानवत न्हाई."

ही आमची पंचफुला सिस्टरांशी पहिली भेट.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. अशा गावात सिस्टरांनी दीड गुंठ्यात बाग फुलवली होती, ती गल्लीतल्या सात घरांच्या अंघोळीवर. सातही न्हाण्यांचे पाइप भिंती फोडून, गटार ओलांडून त्यांच्या बागेत उतरायचे. कुठल्या घरात पाव्हणे आले, कोण गावाला गेलं, कुणी थंडीमुळं नुसतेच हातपाय धुतले, हे त्या झाडाच्या बुडाची माती चिमटीत धरून सांगायच्या. एकदा मी हौसेनं केस काळे केले. तिसऱ्या दिवशी सिस्टर दारात. "मोजणीवाले, केस पांढरे ऱ्हाऊ द्या. मोगऱ्याची पानं काळी पडायलीत." तेव्हापासून माझे केस पांढरे आहेत आणि मोगरा हिरवा आहे.

सिस्टरांची सारी नोकरी सरकारी दवाखान्यांत गेली. पालमकडच्या एका खेड्यात बौद्ध वस्तीत त्यांचा जन्म. गावातून नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी. जिंतूर, गंगाखेड, पाथरी अशा बदल्या करत त्या मानवतला आल्या, इथंच निवृत्त झाल्या आणि इथंच राहिल्या. लग्न झालं होतं, पण नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. मात्र निवृत्तीचा कागद मिळाला तरी त्या निवृत्त झाल्या होत्या असं म्हणता येणार नाही. फक्त वॉर्ड बदलला होता. बागेतल्या प्रत्येक झाडाला नंबर होता आणि त्या झाडाला झाड म्हणायच्या नाहीत, खाट म्हणायच्या. "खाट नंबर अकराला मावा झालाय." "सातवीला कालपासून उतार हाय." सकाळ-संध्याकाळ राउंड. मधोमध बकुळीखाली एक छोटी बुद्धमूर्ती होती. राउंड संपला की तिच्यासमोर दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहायचं आणि मग पुन्हा कुणावर तरी ओरडायचं.

ओरडायला त्यांना एक शब्द पुरायचा. "मंजूर न्हाई!" भाजीवाल्यानं मेथीची जुडी सैल बांधली, मंजूर न्हाई. लग्नपत्रिकेत बायकांची नावं मागं छापली, मंजूर न्हाई. एकदा टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या माणसालाही त्यांनी हे सुनावलेलं मी ऐकलंय. गल्लीत असं एकही घर नव्हतं, ज्याच्याशी त्यांचं भांडण झालं नव्हतं, आणि असंही एक नव्हतं, जिथं कुणाला ताप भरला तर त्यांना हाक गेली नव्हती.

त्यांच्या समोरचं दुमजली घर काशीनाथअप्पांचं. मोंढ्यात अडत दुकान, लिंगायत रिवाजाप्रमाणे कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, लिंगकाई. अप्पा गल्लीचे स्वयंघोषित प्रमुख. सिस्टर त्यांना प्रमुख मानत नव्हत्या, पण त्यांच्या न्हाणीचं पाणी सगळ्यात जास्त होतं, त्यामुळं संबंध टिकून होते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या गल्लीतले दळवे मास्तर गेले. मुलगा बंगळुरूला. तो विमान, मग गाडी करत निघाला, पण पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लागत नव्हता. आम्ही बर्फाच्या लाद्या आणल्या. त्या फोडून, भुसा टाकून मास्तरांच्या भोवती रचल्या. एक वितळायची, दुसरी आणायची. अंगणभर पाणी. परभणीहून शीतपेटी मागवली होती, ती दुसऱ्या गावाला गेलेली. सिस्टर त्या सबंध काळात मास्तरांच्या उशाशी होत्या. मुलगा आला तेव्हा त्यांनी मास्तरांच्या चेहऱ्यावरचं धोतराचं पान काढू दिलं नाही. "पायाला हात लाव बाळा," एवढंच म्हणाल्या. तो पोरगा पायाला मिठी मारून रडला, चेहरा न बघता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सिस्टर आमच्या दारात आल्या, पण अंघोळीचं विचारलं नाही. म्हणाल्या, "मोजणीवाले, गावात पेटी पायजे. आपली."

गल्लीची बैठक बसली. पेटी हवी, हे सगळ्यांना पटलं. पैसे कुठून आणायचे, इथं सगळे चहाच्या कपात बघायला लागले. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मी बाग उघडते. लोकांनी यावं, बघावं, ज्याला जे वाटंल ते टाकावं."

अप्पांनी विचारलं, "फुलं इकणार?"

"इकणार न्हाई. तोडायचीच न्हाईत. नुसती बघायची."

"सिस्टर, हे मानवत हाय. इथं फुलं बघायचे पैसे कोण देतं?"

"आतापर्यंत कुणी मागितले व्हते का?"

लोक हसले. सिस्टर हसल्या नाहीत. पुढच्या थंडीत त्यांनी बाग सजवली. शेवंतीच्या चार जाती, गुलाब, ॲस्टर, पिवळाधमक झेंडू. फाटकावर पाटी लागली. माझी मुलगी स्नेहल तेव्हा बारावीला होती, तिच्या सुंदर अक्षरात: भेटीची वेळ चार ते सहा. रुग्णास हात लावू नये. मोठ्याने बोलू नये. मदत ऐच्छिक. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात ठळक: 'मयतासाठी शीतपेटी घेणे आहे.'

अप्पा पाटी वाचून तडक आत आले. "सिस्टर, हे अशुभ लिहू नका. 'समाजकार्यासाठी' म्हणा. लोकं सणासुदीला फुलं बघायला येतेत आन् तुमी मयत दाखवायलाव."

"मंजूर न्हाई. पेटीचं नाव वाचून ज्याला भ्या वाटतं, त्यानं गुलाबाचा वास घेऊ नये."

पहिल्या रविवारी पाच माणसं आली. त्यातले तिघं आम्हीच, मी, मंगल आणि स्नेहल. चौथी दळवे मास्तरांची बायको. पाचवा एक माणूस सरकारी नर्सरी समजून लिंबाची रोपं मागायला आला होता. सिस्टरांनी त्यालाही खाट नंबर एक ते चौतीस असा पूर्ण राउंड मारायला लावला. जाताना त्यानं फाटकाजवळच्या दुधाच्या कॅनमध्ये नोट टाकली आणि मला हळूच विचारलं, "बाई बऱ्या हायत ना?"

दुसऱ्या रविवारी सेलूकडचं एक जोडपं फोटोग्राफरला घेऊन आलं. लग्नाआधीचे फोटो काढायचे होते. नवरीची आई पाटी वाचून फाटकातच थिजली. "चल गं, इथं नको." नवरी मात्र पाटीसमोर उभी राहिली. मग सिस्टरांकडं जाऊन म्हणाली, "माझे बाबा गेले तेव्हा भाऊ सुरतेला होता. तो पोचला न्हाई." एवढं बोलून नटलेली ती पोरगी रडायला लागली. फोटोग्राफरला काय करावं कळेना. सिस्टरांनी तिला बकुळीखालच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि शेजारी बसून राहिल्या. नंतर फोटो निघाले, पण त्यात नवरीचं नाक लाल आहे.

तिथून बाग बदलली. लोक यायला लागले. पाथरीहून, सेलूहून, बाजाराला आलेले आसपासच्या खेड्यांतून. फुलं बघायचे आणि बघता बघता बोलायला लागायचे. प्रत्येकाकडं कुणीतरी होतं, ज्याच्यासाठी थांबता आलं नव्हतं. पुण्यात कंपनीत असलेला मुलगा, ऊसतोडीला गेलेली लेक, सीमेवरचा भाऊ. गुलाबाच्या वाफ्यापाशी उभं राहून एक म्हातारा मला म्हणाला, "माझ्या बायकोचं तोंड मी मोबाइलवर बघितलं, सायेब. एवढंसं." त्यानं अंगठ्याच्या नखाएवढी खूण केली. सिस्टर सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या. स्वतःचं काही सांगायच्या नाहीत. सहा वाजले की मात्र टाळी वाजवून सगळ्यांना बाहेर काढायच्या, रडणाऱ्यालासुद्धा. "राहिलेलं पुढल्या रविवारी."

अशाच एका रविवारी सहा वाजून पाच मिनिटांनी काशीनाथअप्पा आले.

"भेटीची वेळ संपली," सिस्टर म्हणाल्या.

"मी फुलं बघायला न्हाई आलो. पेटीचे सगळे पैसे मी देतो."

मी तिथंच होतो. मला वाटलं, सुटलो.

"तीन गोष्टी फक्त," अप्पा म्हणाले. "वडलांचं नाव पायजे पेटीवर. पेटी माझ्या गोदामात ऱ्हाईल, तिथं लाईट-पाणी सगळं हाय. आन् कुणाला द्यायची, कुणाला न्हाई, ते आमी चार माणसं ठरवू. तसंच कुणाच्याबी दारात न्यायची म्हणजे..." अप्पांनी वाक्य तिथंच सोडलं. हातानं हवेत काहीतरी बाजूला सारल्यासारखं केलं.

सिस्टर कात्रीनं वाळकी पानं काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "अप्पा, तुमच्यात मयताला बसवून पुरतेत. पेटी आडवी हाय. तुमाला कशाला पायजे?"

अप्पा गडबडले. "मग उभी मिळत न्हाई का?"

मला हसू आवरेना. पण सिस्टर उठल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त भीतिदायक होतं.

"तुमच्या गोदामाची किल्ली मागायला कोण येईल, सांगा. तांड्यावरची बाई येईल? आमच्या वस्तीतला माणूस येईल? दारात उभं राहून 'देता का मालक' म्हणंल, आन् तुमी चौघं ठरवसाल. मी पस्तीस वर्षं सगळ्यांची मयतं धुतलीत, अप्पा. वाण्याचं, मराठ्याचं, मुसलमानाचं, आमच्यातलं. उचलताना सगळी सारखीच जड असतेत. पैसे घरी न्या. मंजूर न्हाई."

गल्ली चिडली. मीही चिडलो. घरी आल्यावर मंगलला म्हणालो, "हातात आलेली पेटी घालवली बाईनं. जिद्द तरी किती असावी!" मंगल भाकरी थापत होती. ती थापायची थांबली नाही. म्हणाली, "तुमच्यासारख्याला किल्ली मागायला लाज वाटली नसती. म्हणून तुमाला कळंना."

सिस्टरांनी बाग होळीपर्यंत चालू ठेवली. थंडीतली फुलं सुकली तेव्हा त्यांनी पाटीवर खडूनं लिहिलं, 'सध्या पालवी बघावी.' लोक पालवी बघायला आले. आणि होळी झाल्यावर कॅनमध्ये जमलेल्या पैशांची पेटी एका टेम्पोतून उतरली. काचेचं झाकण, खाली चाकं, एका बाजूला मशीन. सिस्टरांनी ती फिनेलनं धुतली, पुसली, सुरू केली. थोड्या वेळानं मंगल त्यांना चहा द्यायला गेली आणि तिची किंकाळी मला घरात ऐकू आली. धावत गेलो तर सिस्टर पेटीत झोपलेल्या. झाकण अर्धं उघडं. मला बघून उठून बसल्या आणि म्हणाल्या, "थंडी बरी हाय. उशाला जरा उंच पायजे."

त्या वर्षी पेटीत पहिला झोपला तो शंभू. दीडशे कोसांवरून नाही, त्याच्याही कितीतरी पलीकडून, बिहारातून जिनिंगवर कामाला आलेला पोरगा. कापसाचा हंगाम उरकत आला होता, चार दिवसांनी तो घरी जाणार होता. सकाळी खोलीवर छातीत दुखलं म्हणाला आणि डॉक्टर येईपर्यंत गेला. मुकादमानं त्याच्या भावाला फोन लावला. तिकडून भाऊ एवढंच म्हणत होता, "रोक के रखिए भैया, मैं निकल गया हूँ." दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास. खोलीमालक म्हणाला, इथं नको. मुकादमाचा विचार होता, संध्याकाळपर्यंत उरकून टाकावं आणि भावाला फोनवर दाखवावं.

सिस्टरांना हे भाजीवालीकडून कळलं. त्या चालत जिनिंगवर गेल्या. तासाभरानं टेम्पो आमच्या गल्लीत शिरला. शंभूला त्यांनी स्वतः धुतलं, त्याच्या सोबतच्या दोघांनी पाणी घातलं. आमच्या बारशांना, मुंजींना लागणारा मांडव बकुळीच्या बाजूला बांधला आणि त्याखाली पेटी ठेवली.

गल्ली फाटकाशी जमली. पुढं अप्पा.

"सिस्टर, वळखीचं न्हाई, पाळखीचं न्हाई, कुठलं मढं दोन दिवस गल्लीत ठेवायलाव? घरात लेकरंबाळं हायत. आमाला मंजूर न्हाई."

सिस्टरांनी त्यांच्याकडं रोखून बघितलं. "अप्पा, ते वाक्य माझं हाय."

"चेष्टा नको."

"चेष्टा न्हाई. वळख पायजे ना? त्याचं नाव शंभू. वय सव्वीस. एक भाऊ हाय, आई हाय. भाऊ गाडीत बसलाय. झाली वळख. आता ज्याला यायचं त्यानं आत यावं, ज्याला न्हाई त्यानं दार लावून घ्यावं. भाऊ येईपर्यंत हा इथून हलणार न्हाई."

आणि त्यांनी फाटक सताड उघडलं, फाटकाला दगड लावला आणि पेटीशेजारी खुर्ची टाकून बसल्या. लोक पांगले. संध्याकाळी दळवे मास्तरांच्या बायको एकट्याच आत गेल्या. दुसरी खुर्ची टाकून बसल्या. मग मंगल गेली. मग मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता लाईट गेली.

सिस्टरांकडं लहान इन्व्हर्टर होता. तो तासभर चालला आणि कुंई कुंई करायला लागला. चौकशी केली तर लाईट कधी येईल ते कुणाला सांगता येईना. आमच्या घरचा इन्व्हर्टर मी उचलून आणला. तो अर्धा तास टिकला. मग शेजारच्यांचा. पेटीच्या काचेवर आतून दव धरायला लागलं. सिस्टर पंच्यानं ते बाहेरून पुसत होत्या, आणि पुसून जाणार नाही हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. मी त्यांना एवढ्या वर्षांत घाबरलेलं पहिल्यांदा बघितलं. गल्लीत मोठा इन्व्हर्टर एकच, अप्पांचा, आणि अप्पा मोंढ्यात.

"मी जाऊन मागतो," मी म्हणालो.

"नको," सिस्टर म्हणाल्या. मग लगेच म्हणाल्या, "जावा. मी मागितला म्हणून सांगा."

मी वळलो तर समोरच्या गॅलरीतून एक वायर खाली आली. वर अप्पांची बायको शकुंतलाअक्का, पदर खोचून. "मोजणीवाले, धरा! आन् पिन नीट बसवा, ढिल्ली हाय!" वायर रस्ता ओलांडून, फाटकावरून, शेवंतीच्या रिकाम्या वाफ्यावरून पेटीपर्यंत आली. मशीन घरघरलं. सिस्टर खुर्चीवर बसल्या. त्यांनी दोन्ही हात पंच्यात गुंडाळून घेतले.

चार वाजता अप्पा मोंढ्यातून आले. घरातून निघालेली वायर त्यांनी बघितली. वायरीच्या मागं मागं चालत फाटकात आले, पेटीपाशी आले. थोडा वेळ शंभूकडं बघत उभे राहिले.

"व्होल्टेज येतंय का बराबर?" त्यांनी मला विचारलं.

"येतंय."

"आमचा फ्रिज बंद करायला सांगतो. म्हणजे जास्त वेळ टिकंल." आणि चप्पल फरफटत गेले.

त्या दुपारी, इतक्या वर्षांत प्रथमच, सिस्टर स्वतःचं बोलल्या. मंगलनं विचारलं होतं, "सिस्टर, एवढं कशापायी अंगावर घेता?"

"नोकरीला लागून दोन वर्षं झाली व्हती," त्या म्हणाल्या. "जिंतूरकडं आडवळणाला दवाखाना. एक बाई अडलेली व्हती, रात्रभर तिच्यापाशी. सकाळी निरोप आला, आई सिरियस हाय. बाळ बाहेर आलं न्हवतं. मी थांबले. दुपारी बाळ झालं, तवा निघाले. एसटी एकच व्हती. पुढं चालत. घरी पोचले तर भाऊ राख भरायलाता." त्यांनी पेटीच्या काचेवर बोट टेकवलं. "मायनं लई वाट बघितली म्हणे. मेल्यावरबी लोकं थांबली व्हती माझ्यासाठी, न्हाई असं न्हाई. पण मे महिना. ऊन थांबलं न्हाई."

"आन् ते बाळ?" मंगलनं विचारलं.

"पोरगी झाली. चांगली व्हती. नाव काय ठेवलं, इचारलं न्हाई कवा."

तिसऱ्या दिवशी सकाळी मानवत रोड स्टेशनवरून मी त्या भावाला मोटारसायकलवर आणलं. शंभूहून थोरला. हातात कापडी पिशवी. सिस्टरांनी झाकण उघडलं. शंभूचा चेहरा शांत होता, केस विंचरलेले होते. भावानं दोन्ही हातांनी तो चेहरा धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मग पिशवीतून नवा गमछा काढला. "अम्मा ने दिया है," म्हणाला आणि तो शंभूच्या गळ्याभोवती नीट बसवू लागला. आमच्यातल्या कुणालाही तिथं उभं राहवेना. अप्पा तोंड वळवून मांडवाची दोरी उगाचच घट्ट करत होते. खांदा द्यायला मात्र ते पुढं होते.

त्यानंतर पेटी हलती झाली. तांड्यावर गेली, वस्तीत गेली, मोंढ्यातल्या एका मोठ्या घरीही गेली. किल्ली कुणाला मागावी लागली नाही. सिस्टरांनी एक वही केली. आपल्या माणसासाठी कुणाकुणाची वाट बघायची, ते आधीच लिहून ठेवायचं, म्हणजे ऐन वेळी गोंधळ नको. वही घेऊन त्या घरोघर फिरल्या. अप्पांनी स्वतःच्या नावापुढं तिन्ही लेकींची नावं आणि जावयांचे फोन लिहिले, आणि खाली कंसात 'बसवूनच' असंही लिहिलं.

आमच्याकडं वही आली तेव्हा मंगल पानं चाळत बसली. एका पानावर थांबली. तिथं सिस्टरांचं स्वतःचं नाव होतं आणि पुढं एक सरळ रेघ.

"हे काय?"

"माझं कोण यायचंय बाहेरून?" सिस्टर चहा फुंकत म्हणाल्या. "भाऊ गेला. मला लगेच न्यायचं. पेटी उगाच अडवायची न्हाई, तवा दुसऱ्या कुणाला लागली तर?"

त्यांनी हे नेहमीच्या ठसक्यात सांगितलं. मंगलनं माझ्या खिशातला पेन काढला. स्नेहल बारावीनंतर पुण्याला शिकायला गेली होती; त्या रेघेवर तिनं स्नेहलचं नाव लिहिलं, पुढं तिचा पुण्यातला फोन नंबर, आणि वही मिटून सिस्टरांच्या मांडीवर ठेवली.

"ती आल्याबिगर तुमाला कुणी हात लावणार न्हाई," ती म्हणाली. "कितीबी वेळ लागू द्या."

सिस्टरांनी वही उघडली. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. आम्ही त्यांच्या उत्तराची वाट बघत होतो. चहावर साय धरली.

"पुण्याहून किती तास लागतेत गं?" त्यांनी विचारलं.

"आठ-नऊ. गाडी मिळण्यावर हाय."

सिस्टरांनी मान हलवली. वही छातीशी धरून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि मागं न वळताच म्हणाल्या,

"सावकाश ये म्हणावं तिला. रातच्या गाडीनं नको."